वैयर्थ्याचा निर्णय : डीबगरमधील प्रोसेसरसापेक्ष कोड आणि त्याचे प्रत्याख्यान

१. प्रश्नाचे स्वरूप

एखादा नियम व्यर्थ आहे असे केव्हा म्हणता येते, हा प्रश्न व्याकरणशास्त्राला नवा नाही. पाणिनीच्या कित्येक सूत्रांची चिकित्सा करून, एखाद्या सूत्राचे कार्य अन्य मार्गानेच सिद्ध होते असे दिसल्यास, पतंजलीने महाभाष्यात त्याचे प्रत्याख्यान केलेले आढळते. परंतु त्याच ग्रंथात दुसरीही एक प्रवृत्ती दिसून येते. सूत्र वरकरणी निरर्थक वाटले तरी सूत्रकाराने ते उगीच रचले नसणार, असे गृहीत धरून त्याच्या वैयर्थ्यातूनच एखादा अनुक्त सिद्धान्त शोधावयाचा, म्हणजे ते सूत्र 'ज्ञापक' ठरवावयाचे, ही ती प्रवृत्ती होय. टाकावे की राखावे या निर्णयातील ही दुहेरी सावधगिरी आज संगणकाच्या क्षेत्रातही तितकीच अगत्याची झाली आहे. प्रोग्रामांतील दोष शोधण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या डीबगर या साधनाच्या बाबतीत तर ती विशेषच जाणवते.

प्रस्तुत विवेचनासाठी ग्नू प्रकल्पातील जीडीबी हा डीबगर उदाहरणादाखल घेतला आहे. रिचर्ड स्टॉलमन यांनी तो १९८६ मध्ये लिहिला. तेव्हापासून त्याचा विकास अव्याहत चालू असून त्याचा मूळ कोड सर्वांना खुला आहे. साहजिकच त्यात काय केव्हा आले आणि काय केव्हा गेले, हे कोणाही अभ्यासकाला पडताळून पाहता येते. ज्या ग्रंथाचे सर्व पाठभेद कालक्रमाने जपलेले आहेत असा ग्रंथ भाषेच्या अभ्यासकाला क्वचितच लाभतो. येथे तो आयताच उपलब्ध आहे.

२. डीबगर प्रोसेसरशी का बांधला जातो

डीबगर हा चालत्या प्रोग्रामचा साक्षीदार होय. प्रोग्राम अमुक ओळीवर थांबवावा, तेथे अमुक चलाचे मूल्य काय आहे ते सांगावे, आणि कोणत्या फंक्शनने कोणास बोलावल्यामुळे ही ओळ गाठली गेली त्याची साखळी उलगडून दाखवावी, ही त्याची मुख्य कामे. विचारणारा मनुष्य ओळी, चले आणि फंक्शने यांच्या भाषेत विचारतो. यंत्राजवळ मात्र यांपैकी काहीच नसते. तेथे असतात ती स्मृतीतील बाइटे आणि प्रोसेसरची रजिस्टरे. या दोन भाषांमधील दुभाष्याचे काम डीबगर करतो. या दुभाषेपणाचा बराचसा भाग सर्व प्रोसेसरांना समान असला, तरी काही भाग ज्या त्या प्रोसेसरच्या स्वभावावरच अवलंबून असतो.

ब्रेकपॉइंटचे उदाहरण पाहू. प्रोग्राम एखाद्या जागी थांबवावयाचा झाल्यास डीबगर तेथील मूळ आज्ञा बाजूस ठेवून तिच्या जागी सापळ्याची आज्ञा लिहितो. इंटेलच्या ३८६ कुळातील प्रोसेसरांवर ही आज्ञा केवळ एका बाइटाची असते. ती पार पडल्यावर पुढील आज्ञेचा पत्ता दाखविणारे रजिस्टर सापळ्याच्या एक बाइट पुढे गेलेले असते. म्हणून डीबगरने त्यातून १ वजा करावा लागतो. आयबीएमच्या एस-३९० कुळात सापळा दोन बाइटांचा असल्याने २ वजा करावे लागतात. एआरएम प्रोसेसरवर पत्ता सापळ्यावरच राहतो, त्यामुळे वजाबाकीची गरजच पडत नाही. ही वजाबाकी चुकली तर काय होते? डीबगर मूळ आज्ञा परत जागेवर ठेवतो आणि प्रोग्राम पुढे सोडतो. पण प्रोसेसर त्या आज्ञेच्या मधल्याच बाइटापासून वाचू लागतो. एखादे वाक्य दुसऱ्या अक्षरापासून वाचू लागल्यास शब्दच निराळे पडावेत, तसा हा प्रकार होय.

एमआयपीएस प्रोसेसरची तऱ्हा आणखी वेगळी. तेथे उडीच्या आज्ञेच्या लगत पुढे असलेली आज्ञा उडी पुरी होण्यापूर्वीच पार पाडली जाते. या पुढच्या आज्ञेवर सापळा लावला, तर प्रोसेसर थांबल्याचा पत्ता मागच्या उडीचा सांगतो. म्हणून तेथे वापरणाऱ्याने मागितलेला ब्रेकपॉइंट डीबगर स्वतःच एक पाऊल मागे, उडीच्या आज्ञेवर सरकवितो. अशा रीतीने प्रत्येक प्रोसेसरचे स्वतःचे संकेत असतात, आणि ते डीबगरला शिकवावे लागतात. या शिकवणुकीलाच प्रोसेसरसापेक्ष कोड म्हणावयाचे.

३. उत्सर्ग आणि अपवाद

आरंभीच्या काळात जीडीबीमध्ये हे संकेत प्रत्येक यंत्रासाठी लिहिलेल्या शीर्ष-फाइलींत मॅक्रोंच्या रूपाने ठेवलेले असत. डीबगर तयार करतानाच त्यांतील एक फाइल निवडली जाई, आणि तयार झालेला डीबगर सामान्यतः त्या एका यंत्रापुरताच शहाणा असे. २००० मध्ये आलेल्या पाचव्या आवृत्तीच्या सुमारास या व्यवस्थेऐवजी 'जीडीबीआर्च' नावाची नवी रचना येऊ लागली. प्रत्येक प्रोसेसरसाठी एक नोंदवही, आणि तीत प्रत्येक प्रश्नासाठी एक ठरलेली जागा, असे तिचे स्वरूप आहे. सापळ्याची आज्ञा कोणती, तो लागल्यावर किती वजा करावे, फंक्शनला द्यावयाची मूल्ये कोठे ठेवावी, परत आलेले मूल्य कोठून उचलावे, अशा या जागा शंभराहून अधिक आहेत. त्यांची यादी पूर्वी शेल-लिपीत लिहिलेली असे. २०२१ च्या अखेरीपासून ती पायथन भाषेत लिहिली जाते, आणि तिच्यावरून मूळ कोडाचा बराचसा भाग यंत्रानेच निर्माण केला जातो.

या जागा तीन प्रकारच्या आहेत. काही जागा प्रत्येक प्रोसेसरने भरल्याच पाहिजेत. काहींना एक सर्वसाधारण उत्तर आगाऊ दिलेले असते, आणि ज्या प्रोसेसरला ते लागू पडत नाही त्यानेच आपले वेगळे उत्तर द्यावयाचे असते. काही जागा रिकाम्याही राहू शकतात. तेथे काही आहे का, असे आधी विचारूनच पुढे जावयाचे असते. यातील दुसरा प्रकार व्याकरणाच्या अभ्यासकास चटकन ओळखता येईल. आगाऊ दिलेले उत्तर हा उत्सर्ग, प्रोसेसरने दिलेले वेगळे उत्तर हा अपवाद. आणि अपवादाच्या क्षेत्रात उत्सर्गाने माघार घ्यावयाची. वर सांगितलेल्या वजाबाकीचा उत्सर्ग शून्य आहे. इंटेलचा १ आणि एस-३९० चे २ हे अपवाद होत.

नियमांची अशी व्यवस्था लागली म्हणजे व्यर्थ काय हे शोधणे सोपे होईल, अशी अपेक्षा वाटते. काही अंशी ती खरीही ठरली. नव्या रचनेकडे जाताना जुन्या पद्धतीच्या जागांच्या नावांमागे 'डेप्रिकेटेड' असा उपसर्ग लावला जाई. त्याचा अर्थ, ही जागा त्याज्य ठरली आहे, हिचा नव्याने उपयोग करू नये. त्यामुळे त्याज्य गोष्टीचा किती उपयोग अद्याप शिल्लक आहे हे केवळ शब्द शोधून मोजता येऊ लागले. शेवटचा वापर गेला की ती जागाही काढून टाकावयाची, असा क्रम होता. तथापि व्यर्थ ठरण्याच्या सर्वच वाटा इतक्या सरळ नसतात.

४. वैयर्थ्याचे प्रकार

व्यर्थ वाटणाऱ्या कोडाचे स्थूलमानाने चार प्रकार करता येतील.

पहिला प्रकार पुनरुक्तीचा. उत्सर्ग शून्य असताना एखाद्या प्रोसेसरच्या फाइलीत पुन्हा शून्यच लिहिलेले असते. अशी ओळ काढली तरी आज काहीच बदलत नाही. मात्र एक प्रश्न उरतो. लिहिणाऱ्याने ती अनवधानाने लिहिली, की 'या प्रोसेसरवर शून्यच आहे, हे तपासून पाहिले आहे' अशी ग्वाही देण्यासाठी? पुढे कोणी उत्सर्गच बदलला, तर पहिल्या स्थितीत ओळ काढल्याने हानी नाही. दुसऱ्या स्थितीत मात्र एक तपासलेले विधान हरवलेले असते. हा ज्ञापकाचाच प्रश्न होय.

दुसरा प्रकार अधिक योग्य साधन आल्यामुळे मागे पडलेल्या कोडाचा. कोणत्या फंक्शनने कोणास बोलावले याची साखळी उलगडण्यासाठी जीडीबी पूर्वी फंक्शनच्या आरंभीच्या आज्ञा वाचून, स्टॅकवर काय कोठे ठेवले गेले असेल याचा अंदाज बांधीत असे. हा अंदाज प्रत्येक प्रोसेसरसाठी वेगळा लिहावा लागतो. पुढे ड्वार्फ या माहिती-लेखन पद्धतीची दुसरी आवृत्ती १९९३ मध्ये आली, आणि कंपायलर स्वतःच ही माहिती नेमक्या शब्दांत लिहून देऊ लागला. मग अंदाजाचा कोड व्यर्थ ठरला काय? तसे म्हणता येत नाही. हाताने लिहिलेल्या असेंब्ली भाषेतील फंक्शनांना, किंवा ज्यांतून ही माहिती गाळून टाकली आहे अशा ग्रंथालय-फाइलींना, आजही त्या अंदाजावाचून गत्यंतर नाही. येथे नव्या नियमाने जुन्याचे क्षेत्र संकुचित केले; ते शून्य केले नाही.

तिसरा प्रकार प्रोसेसरच कालबाह्य झाल्याचा. सोनी, तोशिबा आणि आयबीएम यांनी मिळून घडविलेला सेल हा प्रोसेसर २००६ मध्ये प्लेस्टेशन-३ या खेळयंत्रातून लोकांपर्यंत पोचला. त्यात एक मुख्य आणि आठ साहाय्यक घटक होते, आणि या दोहोंच्या आज्ञाभाषा परस्परांहून भिन्न होत्या. एकाच प्रोग्रामच्या साखळीत काही कड्या एका भाषेत आणि काही दुसऱ्या भाषेत सापडत. 'एक प्रोग्राम, एक प्रोसेसर' हे गृहीत येथे कोसळले, आणि साखळीच्या प्रत्येक कडीला 'तुझी भाषा कोणती' असे स्वतंत्रपणे विचारणे डीबगरला भाग पडले. पुढे सेलचा वापर ओसरला. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या जीडीबीच्या नवव्या आवृत्तीतून त्याचा आधार काढून टाकण्यात आला. परंतु प्रत्येक कडीला तिची भाषा विचारण्याची पद्धत मात्र राहिली. ती आता सर्वसाधारण रचनेचाच भाग झाली आहे. एखादी बोली लोप पावावी, पण तिच्यामुळे प्रमाण भाषेत आलेली वाक्यरचना टिकून राहावी, असेच हे घडले.

चौथा प्रकार सर्वांत नाजूक होय. यात प्रोसेसर जिवंत, किंबहुना जगभर वापरात असतो. त्याचा एक अवयव मात्र निरुपयोगी झालेला असतो. इंटेलची एमपीएक्स ही सोय हे त्याचे ठळक उदाहरण असल्याने त्याचा विचार तपशिलाने करणे इष्ट ठरेल.

५. एमपीएक्सचा उदय आणि अस्त

सी भाषेतील प्रोग्राम स्मृतीच्या नेमून दिलेल्या मर्यादेबाहेर लिहू लागला, तर त्यातून कितीतरी दोष आणि सुरक्षेची भगदाडे निर्माण होतात. यावर उपाय म्हणून इंटेलने २०१३ मध्ये एमपीएक्सची घोषणा केली, आणि २०१५ च्या स्कायलेक प्रोसेसरांत ती प्रत्यक्षात आली. पत्ता धारण करणाऱ्या प्रत्येक चलाबरोबर त्याची खालची व वरची सीमा बाळगावयाची, आणि उपयोगापूर्वी पत्ता त्या सीमांत आहे की नाही ते प्रोसेसरनेच तपासावयाचे, अशी तिची कल्पना. त्यासाठी प्रत्येकी १२८ बिटांची चार नवी रजिस्टरे देण्यात आली. चाराहून अधिक पत्त्यांच्या सीमा स्मृतीतील तक्त्यांत ठेवाव्या लागत. ६४ बिटांच्या व्यवस्थेत या तक्त्यांची निर्देशिकाच पत्त्यांच्या क्षेत्रातील २ गिगाबाइट जागा व्यापी, आणि प्रत्येक तक्ता ४ मेगाबाइटांचा असे. ८ बाइटांच्या एका पत्त्यामागे ३२ बाइटांची नोंद होई.

जीडीबीला या सोयीचा आधार देताना पुढील गोष्टी शिकवाव्या लागल्या. पहिली गोष्ट रजिस्टरांची. सीमेचे रजिस्टर वरची सीमा सरळ न ठेवता तिच्या प्रत्येक बिटाचे उलट रूप ठेवते. यामागील हेतू चतुर आहे. रजिस्टरात सर्वत्र शून्य लिहिले की खालची सीमा शून्य आणि वरची सीमा जास्तीत जास्त, म्हणजे कोणतेच बंधन नाही, असा अर्थ आपोआप होतो. मात्र वापरणाऱ्याला उलटी संख्या दाखवून भागणार नाही. म्हणून जीडीबीने प्रत्येक रजिस्टराचे दोन अवतार केले : एक मूळ रूपातील, आणि दुसरा त्यावरून काढलेला, मनुष्याला वाचता येईल असा. दुसरी गोष्ट, स्मृतीतील तक्त्यांतून एखाद्या पत्त्याच्या सीमा शोधून दाखविण्याची व बदलण्याची आज्ञा. तिसरी, सीमाभंग होऊन प्रोग्राम थांबला, तर कर्नलने दिलेल्या संकेतातून कोणती सीमा ओलांडली गेली आणि त्या सीमा काय होत्या हे वापरणाऱ्यास सांगणे. चौथी, वापरणाऱ्याच्या सांगण्यावरून डीबगर स्वतः प्रोग्रामातील एखादे फंक्शन बोलावतो तेव्हा सीमेची रजिस्टरे शून्य करणे; अन्यथा आधीच्या सीमा तशाच राहून खोटाच सीमाभंग उद्भवावयाचा. याखेरीज रजिस्टरांची वर्णनपत्रे आणि चाचण्या हा सरंजाम होताच.

परंतु एमपीएक्स रुजली नाही. तपासणीचा भार मोठा होता. अनेक धाग्यांनी चालणाऱ्या प्रोग्रामांत पत्ता आणि त्याच्या सीमा यांची नोंद एका दमात होत नसल्याने दोहोंत विसंगती येऊ शके. तेच काम केवळ कंपायलरच्या साहाय्याने करणारी साधनेही उपलब्ध होती. जीसीसी या कंपायलरने २०१९ च्या नवव्या आवृत्तीत तिचा आधार काढून घेतला. लिनक्स कर्नलने २०२० च्या ५.६ या आवृत्तीत तसेच केले. जीडीबीने मात्र घाई केली नाही. २०२४ च्या पंधराव्या आवृत्तीत संबंधित आज्ञा त्याज्य असल्याचे घोषित झाले, आणि २०२५ च्या जानेवारीत प्रसिद्ध झालेल्या सोळाव्या आवृत्तीतून एमपीएक्सचा आधार काढून टाकण्यात आला.

हा क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे. सोय निर्माण करणारा कंपायलर प्रथम थांबला, मग तिला चालविणारा कर्नल, आणि सर्वांत शेवटी तिची साक्ष देणारा डीबगर. याचे कारण उघड आहे. नवा प्रोग्राम नव्या कंपायलरने तयार होतो. पण डीबगरपुढे येणारा प्रोग्राम जुन्या कंपायलरने बनविलेला आणि जुन्या कर्नलवर चाललेलाही असू शकतो. भाषेत नवी रूपे बनविण्याचे एखादे प्रत्यय-विधान बंद पडले, तरी जुन्या ग्रंथांतील त्या रूपांचा अर्थ कोशाला बराच काळ सांगावा लागतो.

६. काढल्यानंतर जे राहिले

एमपीएक्सचा आधार काढला म्हणजे तिच्यासाठी आलेले सर्वच पुसून टाकले, असे झाले नाही. तसे करणे योग्यही नव्हते. सीमाभंगाची वार्ता सांगण्यासाठी २०१६ मध्ये जीडीबीआर्चमध्ये एक नवी वैकल्पिक जागा निर्माण केलेली होती. पुढे स्पार्क प्रोसेसरवरील स्मृतिरक्षणाच्या सोयीसाठी, आणि नंतर एआरएमच्या ६४ बिटी प्रोसेसरांवरील स्मृतीला खुणा लावण्याच्या सोयीसाठी हीच जागा वापरली गेली. दरम्यान तिचे नावही अधिक व्यापक करण्यात आले. साहजिकच सोळाव्या आवृत्तीत इंटेलने त्या जागेत भरलेले उत्तर तेवढे गेले, जागा राहिली. ज्या कुटुंबाने विहीर खणली ते गाव सोडून गेले, तरी आता त्या विहिरीवर शेजारी पाणी भरतात.

दुसरे उदाहरण अधिक बोधप्रद आहे. प्रोसेसर आपली विस्तारित रजिस्टरे स्मृतीतील एका ठरावीक आखणीच्या भागात साठवितो, आणि प्रोग्राम कोसळल्यावर मागे राहणाऱ्या कोअर फाइलीतही त्याच आखणीची नक्कल असते. आरंभीचे ५१२ बाइट जुन्या रजिस्टरांचे, पुढचे ६४ बाइट शीर्षकाचे, आणि ५७६ पासून २५६ बाइट एव्हीएक्स रजिस्टरांच्या वरच्या अर्ध्या भागांचे, अशी सुरुवात होते. इंटेलच्या आखणीत एमपीएक्सला ९६० आणि १०२४ या बाइटांपासून जागा दिलेली असून, एव्हीएक्स-५१२ ची मुखवटा-रजिस्टरे १०८८ पासून सुरू होतात. एएमडीने एमपीएक्स कधी स्वीकारलीच नाही. म्हणून तिच्या एव्हीएक्स-५१२ असलेल्या प्रोसेसरांत हीच रजिस्टरे ८३२ पासून, म्हणजे एव्हीएक्सच्या लगेच पुढे येतात. जीडीबीने दीर्घकाळ इंटेलची आखणी हीच एकमेव आखणी असे धरलेले होते. त्यामुळे एएमडीच्या यंत्रावरील कोअर फाइल वाचताना तो चुकीच्या जागेतील बाइटे उचलून ती अमुक रजिस्टराची म्हणून दाखवी. २०२३ च्या सुमारास, चौदाव्या आवृत्तीच्या काळात, आखणी गृहीत न धरता ती निश्चित करण्याची व्यवस्था आणली गेली.

यातून निघणारा बोध असा. एमपीएक्सची रजिस्टरे दाखविण्याचा कोड गेला तरी इंटेलच्या आखणीत तिने अडवून ठेवलेली जागा गेलेली नाही. मधली बाइटे कोणाची हे आता सांगावयाचे नसले, तरी ती ओलांडून पुढे मोजावयाचे हे विसरून चालणार नाही. येथे लोपाची कल्पना उपयोगी पडते. वर्ण दिसेनासा झाला तरी त्याच्या स्थानाचा परिणाम पुढच्या कार्यावर होत राहतो, आणि व्याकरणकार त्या अदृष्ट स्थानाची दखल घेतो.

तिसरी गोष्ट आज्ञांच्या वाचनाची. एमपीएक्सबरोबर काही उड्यांपूर्वी लावावयाचा एक उपसर्ग आला होता. तो आज निष्प्रभ असला तरी पूर्वी तयार झालेल्या फाइलींत सापडतो. यंत्रभाषेतून असेंब्ली भाषेत रूपांतर करून दाखविणाऱ्या घटकाने म्हणून तो ओळखलाच पाहिजे. चौथी गोष्ट संवादाची. दूरच्या यंत्रावरील जुना साहाय्यक प्रोग्राम आजही आपल्या वर्णनपत्रात ही रजिस्टरे कळवू शकतो. जीडीबीच्या सामान्य नियमाप्रमाणे वर्णनपत्रातील अपरिचित रजिस्टरेही वापरणाऱ्यास साध्या स्वरूपात दाखविता येतात. विशेष ज्ञान गेले तरी वाक्य अजिबात न कळण्याची वेळ येत नाही.

७. राखण्याचा दोष आणि काढण्याचा धोका

मग असा कोड राहू दिला तर बिघडले काय, असे कोणी विचारील. काही ओळी पडून राहिल्या, तर त्या कोणाचे काय घेतात? याचे उत्तर चाचणीत आहे. एमपीएक्सच्या चाचण्या चालविण्यासाठी ती सोय असलेला प्रोसेसर, तिचा आधार देणारा कंपायलर आणि तसाच कर्नल, असे तिन्ही लागत. कंपायलर व कर्नल यांनी साथ सोडल्यावर नव्या यंत्रणेवर त्या चाचण्या 'असमर्थित' असा शेरा देऊन बाजूस होत. नापासाचा शेरा नसल्याने पाहणाऱ्यास सर्व काही ठीक वाटे. प्रत्यक्षात काहीच तपासले गेलेले नसे. आणि इतक्यात भोवतालचा कोड तर बदलतच असतो. रजिस्टरांच्या वर्णनाची पद्धत बदलली की या मृत शाखेतही तो बदल करावा लागतो, आणि तो बरोबर झाला की नाही हे सांगणारा कोणी उरलेला नसतो. शिवाय रजिस्टरांच्या प्रत्येक समुच्चयाचे एमपीएक्ससह आणि एमपीएक्सविना असे दोन पर्याय सांभाळावे लागत. ज्या विधानाला खोटे पाडण्याचा मार्गच उरला नाही, ते विधान शास्त्राच्या दृष्टीने विधानच राहत नाही. असा कोड राखणे म्हणजे न तपासलेल्या साक्षीदाराला साक्षीस उभे करणे होय.

उलट बाजूस, काढण्याचा धोकाही खराच आहे. अन्य प्रोग्रामांतील चूक बहुधा चूक म्हणून दिसते. डीबगरची चूक सत्याच्या वेषात येते. ६४ बिटी इंटेल व एएमडी प्रोसेसरांवर कंपायलर नियंत्रण-प्रवाहाच्या रक्षणासाठी फंक्शनच्या अगदी आरंभी चार बाइटांची एक आज्ञा घालू लागले. फंक्शनचा आरंभ ओळखणाऱ्या जीडीबीच्या कोडाला ती अपरिचित असल्याने त्याची समजूत अशी झाली की या फंक्शनला ठरावीक आरंभच नाही. मग ब्रेकपॉइंट स्टॅकची मांडणी पुरी होण्यापूर्वीच लागे, आणि स्थानिक चलांची दाखविलेली मूल्ये भलतीच असत. २०२० मध्ये काही ओळींची भर घालून हे सुधारण्यात आले. आता कल्पना करावी की काही वर्षांनी एखादा नवा अभ्यासक या ओळी पाहील. चार बाइटे ओळखून नुसती ओलांडावयाची, एवढेच त्यांचे काम. त्या त्याला निरर्थक वाटणे अगदी शक्य आहे. त्याने त्या काढल्या तर डीबगर कोसळणार नाही, कोणतीही तक्रार करणार नाही; तो शांतपणे खोटी मूल्ये सांगू लागेल. आणि दूर कोठेतरी एक प्रोग्रामर त्या मूल्यांवर विसंबून, जो दोष नाहीच त्याच्या शोधात आपले दिवस घालवील.

म्हणून प्रत्याख्यानाची काही पथ्ये रूढ झालेली दिसतात. एक, त्याज्यतेची घोषणा आधीच्या आवृत्तीत करावयाची, म्हणजे ज्याला अद्याप गरज आहे त्याला बोलावयास अवसर मिळतो. दोन, उपयोगाचा शोध एका प्रोसेसरच्या फाइलीपुरता न ठेवता, सर्व प्रोसेसरांचा आधार एकत्र घालून डीबगर तयार करावयाचा. नाहीतर आपल्या प्रोसेसरपुरते व्यर्थ ठरलेले दुसऱ्याच्या उपयोगाचे असल्याचे कळतच नाही. तीन, काढणे लहान लहान टप्प्यांत करावयाचे आणि प्रत्येक टप्प्याचे कारण नोंदवून ठेवावयाचे, म्हणजे चूक निघाल्यास नेमका तेवढाच टप्पा मागे घेता येतो. चार, काढणे आणि नवे घालणे ही कामे एकाच टप्प्यात मिसळावयाची नाहीत. कारण मग वागणुकीत पडलेला फरक कशामुळे पडला ते सांगता येत नाही.

८. उपसंहार

महाभाष्यकाराने ज्या सूत्रांचे प्रत्याख्यान केले, ती सूत्रे अष्टाध्यायीच्या पाठातून कोणी काढून टाकली नाहीत. पाठ अभंग राहिला आणि प्रत्याख्यान त्याच्या शेजारी राहिले. प्रोग्रामाची स्थिती याहून वेगळी आहे. तेथे मूळ पाठच प्रत्यही चालविला जातो, म्हणून त्यातील व्यर्थ भाग खरोखरच काढावा लागतो. आणि अभंग राहतो तो त्याचा इतिहास. आज काढलेली ओळ उद्या कोणासही जुन्या आवृत्तीत तिच्या कारणासह वाचता येते.

वरील उदाहरणांवरून एक गोष्ट स्पष्ट व्हावी. कोडाचे वैयर्थ्य त्याच्या अक्षरांत लिहिलेले नसते. तीच ओळ २०१६ मध्ये आवश्यक असते आणि २०२५ मध्ये निरुपयोगी; मध्यंतरी तिच्यात एक अक्षरही बदललेले नसते. बदललेले असतात ते तिच्या भोवतीचे : कंपायलर, कर्नल, प्रोसेसर, आणि जुन्या फाइली बाळगून असलेली माणसे. यास्तव एखादी ओळ व्यर्थ आहे की नाही हे ती ओळ वाचून ठरत नाही. ती ज्यांच्यासाठी लिहिली त्यांपैकी कोणी अद्याप ऐकणारे आहे काय, हे पाहून ठरते. रूप लुप्त झाले असे कोशात लिहिण्यापूर्वी भाषेचा अभ्यासकही प्रथम बोलणाऱ्यांकडेच जातो.